जिप्सीला लिफ्ट किट बसवताय? पाने हातात घ्यायच्या आधी हे वाचा

"भाऊ, किट तर बसवलं, पण गाडी रोडवर तरंगून राहिली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी सगळं एका जागी लिहून काढायचं ठरवलं. बहुतेक वेळा किटमध्ये खराबी नसते. पाटे (लीफ स्प्रिंग) बसतात, गाडी उंच दिसते, फोटो निघतात, आणि मग दोन-तीन महिन्यांत बुश (पाट्याच्या टोकांतले रबर) फाटतात, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, ब्रेकचा पाइप ताणलेला दिसतो. कारण सगळ्यांचं लक्ष पाट्यांवर असतं. लिफ्ट म्हणजे चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर वाढवणं, आणि त्या दोघांच्या मध्ये जे जे जोडलेलं आहे, म्हणजे ब्रेक पाइप, शॉकअप, जॉइंट शाफ्ट (इंजिनची ताकद एक्सलपर्यंत नेणारा दांडा), स्टिअरिंगचा दांडा, डिफचा (डिफरेन्शियल, एक्सलमधला गिअरचा गोळा) ब्रीदर, म्हणजे हवेची नळी, ते सगळं त्या नवीन अंतराला पुरलं पाहिजे. पाटे बदलणं हे अर्धंच काम.

इथं मी फक्त मारुती जिप्सीबद्दल लिहितोय, पुढे-मागे सलग एक्सल, चारही बाजूंना पाटे, आणि 2 इंचाचं किट. 2020 नंतरच्या थारवाल्यांनी हे वाचून काम काढू नका, त्यात पुढे स्वतंत्र सस्पेंशन आणि कॉइल स्प्रिंग आहे, तिची पद्धत वेगळी.

## किट घेण्याआधी

पहिला गैरसमज काढून टाका. 2 इंचाच्या किटने डिफखालची जागा एक सूतही वाढत नाही. एक्सल टायरवर उभा आहे, पाट्यांवर नाही. किटने फक्त बॉडी आणि चेसिस वर जाते, त्यामुळे पोट कमी घासतं आणि मोठे टायर मावतात. हिशोब करून बघा: कंपनीचं 205/70 आर15 टायर साधारण 668 मिमी उंच, 215/75 आर15 साधारण 703 मिमी. फरक 35 मिमी, म्हणजे डिफ वर उचलला जाणार त्याच्या अर्धा, 17-18 मिमी. स्पीडोमीटर मात्र सुमारे 5 टक्के कमी दाखवायला लागतो. 235/75 वर गेलात तर टायर 733 मिमी, स्पीडोची चूक 10 टक्क्यांच्या आसपास, आणि 1.3 लिटरचं इंजिन चढावर धापा टाकतं. माझं मत विचाराल तर 2 इंच आणि 215/75, इथंच थांबा.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच बाजू घेतली. तेव्हा आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी भांडत बसण्यापेक्षा ते बरं. आणि ज्यांच्या जिप्सी ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याला सफारीत चालून राहिल्या त्यांना माझी हात जोडून विनंती, लिफ्ट करू नका. मागे उंच सीटवर सहा माणसं बसली की गाडीचा तोल आधीच वर असतो, त्यात आणखी 2 इंच घालायची गरज नाही.

## तयारी

जागा सिमेंटची पाहिजे. अंगणातल्या काळ्या मातीवर हे काम करायचं नाही, वरून कोरडी कडक दिसते पण स्टँडचा पाय हळूहळू आत जातो आणि गाडी कलते. पर्याय नसेल तर स्टँडखाली किमान दोन फूट बाय दोन फूट जाड लोखंडी प्लेट ठेवा. उन्हाळ्यात काम काढलं असेल तर पहाटे पाचला सुरू करा, मे महिन्यात आपल्या इथं नागपुरात पारा 45 ला गेल्यावर दुपारी अकरानंतर उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही आणि घाईत चुका होतात.

सामान: दोन जॅक, चार लोखंडी स्टँड ज्याला आपले मेकॅनिक घोडी म्हणतात, चाकाला लावायला लाकडी उटी, रिंग पाने आणि सॉकेटचा सेट, लांब दांड्याची टॉमी, पहार, मोठा हातोडा, ग्राइंडर, ग्रीस, ब्रेक ऑइल, टेप आणि टॉर्क पाना. टॉर्क पाना नसेल तर दोन दिवसांसाठी मागून आणा, अंदाजाने यू बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) आवळणारे लोक मी बघितलेत आणि त्यांची गाडीही बघितलीये.

सगळ्यात महत्त्वाचं, कामाच्या तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळे यू बोल्ट, शॅकलचे (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट, पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल भोकातले) बोल्ट, शॉकअपचे नट वायर ब्रशने घासून त्यावर डब्ल्यूडी-40 किंवा तसलं गंज सोडवायचं तेल मारा. जुन्या जिप्सीत डोळ्यातला बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून असा चिकटतो की डोकं फिरतं पण बोल्ट बाहेर येत नाही, आणि मग तो दोन्ही बाजूंनी कापावा लागतो, म्हणून त्या मापाचे नवीन बोल्ट आधीच आणून ठेवा, रविवारी दुपारी बोल्टसाठी दुकानं शोधत फिरायची पाळी येऊ नये.

किट उघडून जमिनीवर मांडा. पुढचे पाटे आणि मागचे पाटे वेगळे असतात, डावे-उजवे पण वेगळे असू शकतात, खूण बघा. यू बोल्ट नवीन असलेच पाहिजेत, जुने एकदा ताणले गेलेले यू बोल्ट परत वापरायचे नाहीत. शॉकअप लांब आहेत का, ब्रेकचे लांब पाइप आलेत का ते बघा. किटमध्ये फक्त पाटे आणि शॅकल असतील तर ते किट अर्धवट आहे, राहिलेलं सामान मिळेपर्यंत गाडी उघडू नका.

तपासा: पुढचं चाक हवेत उचलून वरून-खालून धरून हलवा. खेळ असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिचं) बेअरिंग. दोन्हींपैकी काहीही ढिलं असेल तर आधी ते करा, कारण लिफ्टनंतर हाच खेळ 60 च्या स्पीडला पूर्ण स्टिअरिंग थरथरवतो आणि लोक दोष किटला देतात.

## पायरी 1: मापं लिहून घ्या

चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. जमिनीपासून नको, टायरच्या हवेने ते बदलतं. मग पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे, चाकं सरळ ठेवून. स्टिअरिंग सरळ करून त्यावर टेपचा तुकडा लावा. जॉइंट शाफ्टच्या सरकत्या भागावर रंगाची रेघ मारा म्हणजे नंतर तो किती बाहेर आला ते कळेल. ही दहा मिनिटं कोणी देत नाही आणि नंतर "आधी पण अशीच डावीकडे कललेली होती का?" याचं उत्तर कोणाकडे नसतं.

## पायरी 2: गाडी उचलणं

मागून सुरुवात करा. मागे स्टिअरिंग नाही, हात बसतो, आणि पुढे येईपर्यंत कामाची पद्धत कळलेली असते.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा. चाकांचे नट जमिनीवरच थोडे ढिले करा. मग मागून गाडी उचलून स्टँड चेसिसखाली लावा, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे. एक्सलखाली नाही. एक्सल आपल्याला मोकळा हवा आहे, त्याच्याखाली फक्त जॅक राहील. चाकं काढा आणि काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा, स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

सावधान: स्टँड लावल्यावर बंपरला धरून गाडी जोरात हलवून बघा. हलली तर परत लावा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठी पण नाही.

## पायरी 3: मागचे पाटे

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा पाटा एक्सलला जागेवर धरून ठेवतो, दोन्ही एकदम सोडले की एक्सल गोल फिरतो, ब्रेक पाइप आणि जॉइंट शाफ्टवर ताण येतो आणि तो परत जागेवर आणायला तीन माणसं लागतात. दुसऱ्या बाजूचे यू बोल्ट फक्त एक-दोन आटे ढिले करा, म्हणजे एक्सल थोडा कलू शकेल.

एक्सलखाली जॅक लावून वजन घ्या. शॉकअप दोन्ही बाजूंचे सोडा. ब्रेकचा रबरी पाइप चेसिसला जिथं क्लिपने अडकवलाय ती क्लिप काढा, आणि डिफच्या ब्रीदरची नळी किती ढिली आहे ते बघून घ्या. काही गाड्यांत मागच्या एक्सलजवळ ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्याची स्प्रिंग किंवा दांडी सोडायला विसरू नका, लिफ्टनंतर ती परत सेट करावी लागते नाहीतर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

जिप्सीत पाटे एक्सलच्या खाली असतात, म्हणून यू बोल्टचे नट खाली प्लेटवर आहेत आणि दगडांनी ठेचलेले असतात. सुटत नसतील तर ग्राइंडरने कापा, नवीन आहेतच. गॅस कटरची आग वापरू नका, मागेच पेट्रोलची टाकी आहे आणि बाजूला ब्रेकचा पाइप. प्लेट खाली आली की आधी शॅकलचा बोल्ट, मग पुढच्या फिक्स डोळ्याचा बोल्ट. पाटा जड असतो, खाली जॅक किंवा माणूस हवा.

नवीन पाटा लावताना क्रम उलटा. आधी फिक्स डोळा, बोल्ट घालून नट फक्त हाताने. मग शॅकल. इथं बहुतेक जण अडकतात, कारण नवीन पाट्याची कमान जास्त म्हणून दोन डोळ्यांमधलं अंतर कमी, शॅकल पोचत नाही. हातोडा मारायचा नाही. आधी जॅकने एक्सल हळूहळू खाली पाट्यावर बसवा, पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बरोबर शिरलं पाहिजे, यू बोल्ट आणि प्लेट लावून नट अर्धे आवळा, आणि मग जॅकने एक्सल वर ढकला. पाटा सरळ होत जातो, डोळा मागे सरकतो आणि शॅकलचा बोल्ट अलगद जातो. पहारीने थोडी मदत लागली तर चालते.

तपासा: सेंटर बोल्टचं डोकं भोकात गेलं का ते बोटाने चाचपून बघा, डोळ्याने नाही. ते कडेवर बसलं आणि तुम्ही यू बोल्ट आवळले तर एक्सल तिरका बसतो, आणि गाडी रोडवर खेकड्यासारखी चालते.

यू बोल्टचे चार नट आळीपाळीने, तिरप्या क्रमाने आवळा, चारही टोकांना आटे सारखे बाहेर दिसले पाहिजेत. आकडा किटच्या कागदावरचा घ्या. दुसरी बाजू तशीच करा. डोळ्यांचे आणि शॅकलचे नट अजून आवळायचे नाहीत. याबद्दल पायरी 6 मध्ये.

## पायरी 4: पुढचे पाटे

पद्धत तीच, फक्त दिशा उलटी, पुढच्या पाट्याचा शॅकल पुढे बंपरकडे आणि फिक्स डोळा मागे. इथं दोन गोष्टी जास्तीच्या.

एक, ब्रेकचे पाइप. कॅलिपर कधीच पाइपला लटकू द्यायचा नाही, आणि एक्सल खाली सोडताना एका माणसाने फक्त पाइपकडे बघत राहायचं. लांब पाइप लावायचे असतील तर आत्ताच लावा.

दोन, लांब शॅकल. कित्येक जण स्वस्तात उंची मिळते म्हणून पुढे लांब शॅकल ठोकतात. शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सलचं डोकं पुढे झुकतं, म्हणजे कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्याने स्टिअरिंग आपोआप सरळ येतं) कमी होतो. "गाडी तरंगून राहिली" म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांची गाडी याच कारणाने तरंगते. उंची पाट्यातून घ्या, पुढचा शॅकल कंपनीच्या लांबीच्या जवळपास ठेवा.

तरीही नंतर कॅस्टर कमी वाटला तर पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये लोखंडी पाचर घालतात, जाड बाजू पुढे. तेव्हा सेंटर बोल्ट तेवढा लांब घ्यावा लागतो, नाहीतर डोकं भोकात पोचतच नाही. पाचर जितकी जाड तितका पुढच्या जॉइंट शाफ्टचा कोन बिघडतो, म्हणून गरजेपुरतीच.

## पायरी 5: शॉकअप, पाइप, शाफ्ट

शॉकअप लावायच्या आधी दोन मापं घ्या. एका बाजूचं चाक जॅकने बंप स्टॉपर (एक्सल वर आदळू नये म्हणून लावलेला रबर) टेकेपर्यंत वर दाबा आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. पूर्ण दाबलेल्या शॉकअपची लांबी याच्यापेक्षा किमान 20 ते 25 मिमी कमी पाहिजे. मग एक्सल पूर्ण लटकू द्या आणि परत मोजा, पूर्ण उघडलेला शॉकअप याच्यापेक्षा लांब पाहिजे. पहिल्यात नापास झालात तर खड्ड्यात शॉकअपच बंप स्टॉपरचं काम करतो आणि आतून फुटतो किंवा ब्रॅकेट उखडतं. अशा वेळी बंप स्टॉपरखाली ठोकळा घालून तो खाली आणतात.

एक्सल लटकलेला असतानाच स्टिअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवा आणि ब्रेकचे पाइप बघा. ताणलेला नको, चाकाला, पाट्याला घासायला नको. ब्रीदरची नळी ताणली असेल तर आत्ताच लांब टाका, ती निसटली की पहिल्याच नाल्यात डिफमध्ये पाणी जातं आणि ऑइल दुधासारखं होतं.

जॉइंट शाफ्टची ती रंगाची रेघ बघा. सरकता भाग थोडा बाहेर आला असेल, ते ठीक, पण आतले दात किती पकडीत राहिलेत ते मोजा. माझा नियम, किमान 40 मिमी आत हवेत. कमी असतील तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करून आणा. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा जॉइंट) हाताने हलवून बघा, खेळ असेल तर बदला.

ब्रेक पाइप उघडले असतील तर हवा काढा, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. ब्रेक ऑइल टाकीच्या टोपणावर लिहिलंय तेच. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग उतरतो.

## पायरी 6: गाडी जमिनीवर, आणि मग शेवटचं आवळणं

हा सगळा लेख या एका पायरीसाठी लिहिलाय असं समजा.

रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट पकडली की ती फिरत नाही, पाटा वर-खाली होतो तेव्हा फक्त रबर पिळला जातो. तुम्ही एक्सल हवेत लटकलेला असताना नट पूर्ण आवळले तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की रबर कायमचा पिळलेला. गाडी कडक चालते, उंची जास्त दिसते, लोक खुश होतात, आणि काही महिन्यांत रबर फाटून लोखंडावर लोखंड वाजायला लागतं. मी माझ्या पहिल्या गाडीला हेच केलं होतं, तीन महिन्यांत सहा बुश गेले, आणि कारण कळायला आणखी एक सेट वाया गेला.

म्हणून: चाकं लावा, गाडी खाली घ्या, स्टँड-जॅक काढा. बंपरवर उभं राहून दहा-बारा वेळा दाबा. गाडी दहा फूट पुढे, दहा फूट मागे घ्या. आता, पूर्ण वजन चाकांवर असताना, खाली झोपून डोळ्यांचे आणि शॅकलचे सगळे नट टॉर्क पान्याने आवळा. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर ते नळीवर फिरतात म्हणून त्यांना हे इतकं लागू नाही, पण त्यांना बसवतानाच भरपूर ग्रीस लागतं, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला खाट वाजल्यासारखा आवाज.

तपासा: शॅकल बघा. उभा किंवा खालचं टोक थोडं एक्सलपासून दूर कललेलं हवं. खालचं टोक एक्सलकडे ओढलेलं असेल तर खड्ड्यात चाक लटकल्यावर शॅकल उलटा फिरून अडकू शकतो, ती गाडी रोडवर नेऊ नका.

## पायरी 7: स्टिअरिंग आणि मापं परत

एक्सल खाली गेल्यामुळे स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलतो आणि चाकं सरळ असताना स्टिअरिंग तिरकं दिसतं. स्टिअरिंग व्हील काढून फिरवून लावू नका. तसं केलं तर स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही आणि एका बाजूचं वळण कमी पडतं. दांड्याची लांबी सेट करून बॉक्स मध्यावर आणा.

पायरी 1 ची सगळी मापं परत घ्या. दोन्ही बाजूंच्या हबपासून हबपर्यंतच्या अंतरात आधी जेवढा फरक होता तेवढाच आत्ता पाहिजे. 5-6 मिमीपेक्षा जास्त बदल दिसला तर कुठला तरी सेंटर बोल्ट भोकात नाही, परत उघडा. मग अलाइनमेंटला जा. सलग एक्सलमध्ये मशीनवर फक्त टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली ते) सेट होतो, कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललेलं ते) सेट करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

हेडलाइट खाली घ्या. गाडी वर गेली की झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो, काटोल रोडवर रात्री दुचाकीवाला आंधळा होतो.

## पायरी 8: पहिले 500 किलोमीटर

पहिले पाच किलोमीटर गल्लीत, 30 च्या आत. मोकळ्या जागी ब्रेक जोरात दाबून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. मग सेमिनरी हिल्सचा चढ-उतार, आणि त्यानंतरच आउटर रिंग रोड, हळूहळू 60 पर्यंत. थरथर जाणवली तर स्पीड कमी करून घरी, टायर बॅलन्स आणि किंगपिनपासून परत सुरुवात.

फोर व्हील जोडून डांबरी रोडवर तपासू नका, जिप्सीत मधला डिफरेन्शियल नाही, शाफ्टवर ताण येतो. मातीत जाऊन बघा. आणि पाऊस सुरू असेल तर काळ्या मातीत पहिली चाचणी नको, चिखल यू बोल्टवर असा बसतो की काही सुटलं तरी दिसत नाही.

100 किलोमीटरला सगळे यू बोल्ट परत टॉर्कवर आवळा, पाटे एकमेकांवर बसतात म्हणून ते हमखास थोडे ढिले मिळतात. 500 ला परत. त्याच वेळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा, नवीन पाटे थोडे बसतात, चारही सारखे बसले तर चिंता नाही, एकच कोपरा 10 मिमीपेक्षा जास्त खाली गेला असेल तर त्या बाजूचा पाटा उघडून सेंटर बोल्ट आणि पहिला पाटा तडकलाय का ते बघा.